वरची कडी

सात वर्षांच्या आतल्या पोरांना रक्ताची गोष्ट सांगायची नाही, असं मी बैठकीत टेबलावर हात आपटून म्हटलं, तेव्हा शालिकराम काकाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं. एरवी ते भिंतीकडे बघून माझ्याशी बोलतात. ते वनखात्यातून निवृत्त झालेले, आमच्या ख्रिस्ती मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे. मी अल्का, बसथांब्याजवळ ब्लाउज शिवते आणि रविवारी पोरांना शिकवते. माझी जीभ कात्रीसारखी चालते असं सडक अर्जुनीत म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

बैठक होती रविवारच्या शाळेची. आतापर्यंत चार वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचा घोडा एकाच सतरंजीवर बसायचे आणि दोघांनाही काही कळायचं नाही. म्हणून पाळक रत्नपाल म्हणाले, वयाप्रमाणे तीन वर्ग करू आणि कोणाला काय शिकवायचं ते ठरवू. मी ठरवून आले होते. लहान्यांना नोहाचं तारू, हरवलेलं मेंढरू, पाच भाकरी. मधल्यांना योसेफ आणि दावीद. काइनानं भावाला मारलं ते, वधस्तंभ, खिळे, भाला, हे सगळं बारा वर्षांनंतर.

"काऊन?" काकाजी म्हणाले. "काइनानं हाबेलाले मारलं, हे बायबलात आहे का नाही? आहे तं सांगाचं. आमच्या बापानं आमाले सांगलं, आमी मेलो का?"

"मेले नाही काकाजी, पन तुमचा राग कोठून आला थे समजलं," मी म्हटलं.

रत्नपाल चहाच्या कपात बघायला लागले. काकाजींच्या रागाची गावाला ओळख होती. लाकूडचोराला त्यांनी एकदा असा बदडला होता की त्याला बैलगाडीत घालून न्यावं लागलं.

"मंग येशू मेलाच नाही म्हनून सांगशील का तू?"

"मेला म्हनून सांगीन. खिळे नाही सांगनार."

मी हटले नाही. त्याचं कारण काकाजींचीच नात होती. रुचि पाच वर्षांची, वर्गात सर्वांत मोठा आवाज तिचा. नोहाच्या तारवात मी हत्ती चढवला की ती विचारायची, "न कोंबडी? कोंबडी राह्यली ना वो बाई!" असल्या पोरीला जगात कोणी कोणाला कापतं हे इतक्यात कळू नये, असं मला वाटे. आणखी काही वर्षं तरी तिला रक्ताबाहेर ठेवायचं, एवढाच माझा हट्ट होता. शेवटी पाळकांनी माझ्या बाजूनं कौल दिला आणि काकाजी टोपी घालून निघून गेले.

एका गोष्टीवर मात्र आमचं भांडण झालं नाही. आमचं प्रार्थनाघर म्हणजे जुनं धानाचं गोदाम. लहान्यांना मिळालेली मागची खोली सरळ हायवेच्या बाजूला उघडते. पहिल्याच रविवारी एक पोर बकरीमागे रस्त्यावर धावलं आणि रायपूरकडून येणाऱ्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. समोरच्या ढाब्यावाल्या ओमेश्वरनं झेप घालून पोराला ओढलं आणि माझ्या हातात दिलं. "बाई, दरवाजा बंद करत जा," तो म्हणाला, आणि मला रडू आलं. त्याच्या आईचे ब्लाउज मीच शिवायची, त्या महिन्यात शिलाई घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी स्वतः त्या दाराला बाहेरून कडी ठोकली. मोठी पोरं गंमत म्हणून काढतील म्हणून अगदी वर, चौकटीलगत. मी आत असले की कडी उघडी. दूध तापवायला ओसरीवर गेले की तेवढ्यापुरती कडी लावायची, दूध घेऊन आले की काढायची. रुचिला हे पाठ झालं होतं. स्टोव्हचा आवाज आला की ती दाराशी येऊन फळ्यांवर हात ठेवून उभी राहायची, पहिला पेला आपल्याला मिळावा म्हणून.

मे महिन्यातल्या एका रविवारी एक नवं पोर आईसाठी रडत खिडकीच्या गजांना लटकलं. मी बाहेर दूध ओतत होते. रस्त्यावरून कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं. गजातून रडणारं तोंड, बंद दार, बाहेर मी. पुढच्या रविवारपर्यंत ते सडक अर्जुनीत घरोघरी पोचलं, खाली लिहिलेलं, पोरांना कोंडून बाटवतात. मला ते दाखवलं सुद्धा नाही कोणी. दाखवलं असतं तर मी चौकात उभी राहून दूध वाटलं असतं.

त्या रविवारी काठ्या घेऊन घोळका आला तेव्हा दूध वर येत होतं. आधी घोषणा ऐकू आल्या, मग ओसरीचा पत्रा वाजला. एकानं स्टोव्हला लाथ मारली आणि उकळतं दूध माझ्या पायावर सांडलं. समोरच्या खोलीतून रत्नपाल हात जोडत पुढे आले. त्यांच्या तोंडावर काठी बसली, ते वाकले, तर पाठीवर दुसरी. मोठी पोरं कुंपणावरून उड्या टाकून धानाच्या बांध्यांत पळाली. खुर्च्या फुटल्या, भजनाची पेटी फुटली, तिच्या पट्ट्या अंगणभर उधळल्या. काकाजी दोघांना रेटत होते, त्यांच्या कपाळावर वीट बसली आणि ते भिंतीला टेकले. मी मागच्या दाराकडे धावले. माझी वेणी कोणीतरी मागून धरली आणि मला खाली पाडलं.

आतून लहान्यांचा कल्लोळ सुरू झाला. तो ऐकून बाहेरची माणसं जास्तच बिथरली.

"सुना? बच्चे अंदर हैं! तोडो दरवाजा!"

पुढे ओमेश्वर होता. हातात ढाब्यावरची सरपणाची कुऱ्हाड. त्याला पाहून मला हायसं वाटलं, देवाशपथ. याला लेकरांचा लळा आहे, हा ऐकेल. पण लळा होता म्हणूनच तो सर्वांत पुढे आला होता. त्यानं दाराच्या मधोमध पाहिलं, जिथं कुलूप असतं तिथं. कुलूप नव्हतं. दार ढकललं, हललं नाही.

"आतून लावून ठेवलं!" तो ओरडला.

"भाऊ, वरची कडी! वरची कडी काढ ना गा!" मी ओरडले. कोणीतरी माझ्या तोंडावर हाणली. तोंडात माती आणि रक्त घेऊन मी पुन्हा ओरडले. कडी हातभर वर होती, नुसती सरकवायची होती. माणसाला राग आला की त्याला हातातलं हत्यार तेवढं दिसतं. ओमेश्वरनं कुऱ्हाड उचलली.

सागाच्या जुन्या फळ्या, एका घावात कुठल्या तुटायला! तो हाणत राहिला आणि लोक त्याला चेव देत राहिले. मग एक फळी चिरली, कुऱ्हाडीचं पातं आत गेलं, आणि आतून जी किंकाळी आली ती बाकी सगळ्या आवाजांहून वेगळी होती. मी ती ओळखली. रुचि दाराशी उभी होती, फळ्यांवर हात ठेवून. दार वाजलं म्हणजे दूध आलं, एवढंच तिला माहीत होतं.

ओमेश्वरनं फुटकी फळी हातानं उपटली. भगदाडातून तिचा डावा हात बाहेर आला. दोन बोटं पेरापासून नव्हती. रक्त त्याच्या शर्टावर उडालं. कुऱ्हाड त्याच्या हातातून गळून पडली आणि तो तिथंच मटकन बसला.

"मी पोट्टे सोडवाले आलो होतो," तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला. "मी सोडवाले आलो होतो."

माझ्या वेणीवरचा हात सुटला. बघता बघता अंगण रिकामं झालं. सोडवायला आलेल्यांपैकी एकानंही पोरांकडे वळून पाहिलं नाही, याचा संताप मला अजून आवरत नाही. मी रुचिला भगदाडातून ओढून घेतलं आणि तिचा हात पदरात गुंडाळून घट्ट दाबून धरला.

तेवढ्यात काकाजी आले. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरलेलं. त्यांनी नातीचा हात पाहिला, आणि कुऱ्हाड उचलली.

"काकाजी, नोको! पोट्टे पाहून राह्यले!"

ते थांबले. मला वाटलं, थांबले. पण त्यांनी कुऱ्हाड फक्त उलटी फिरवली आणि तिचा बोथट मुंढा ओमेश्वरच्या खांद्यावर घातला. वाळला बांबू मोडावा तसं हाड वाजलं. त्यानं हात वर केला नाही, पळाला नाही. काकाजींनी पुन्हा उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. तिसऱ्यांदा रत्नपाल मध्ये पडले, फुटल्या तोंडानं, काकाजींच्या कमरेला मिठी मारून. ओमेश्वर मातीत कण्हत पडला होता. आणि दाराच्या भगदाडात एकावर एक तोंडं दाटली होती. माझा सगळा वर्ग, सात वर्षांच्या आतला, डोळे फाडून बघत होता.

रुचिची बोटं जुळली नाहीत. गोंदियाच्या डॉक्टरांनी टाके घालून घरी पाठवलं. दोन्हीकडून केस झाली. ओमेश्वर आणि काकाजी, दोघंही जामिनावर सुटले. त्याचा हात अजून गळ्यात आहे आणि ढाबा बंद आहे. दाराला हात लावू नका, असं पोलीस सांगून गेले. ते तसंच राहिलं, मधोमध भगदाड पडलेलं आणि वरची कडी लावलेली. आम्ही आत जायचं तर वाकून भगदाडातूनच जायचो. कडी काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.

जूनमध्ये पाळकांनी पुन्हा बैठक घेतली. निम्म्या घरांनी पोरं पाठवणं बंद केलं होतं. काकाजी आले, बसले, आणि या वेळी भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग बाई. लहान्याइले आता का सांगाचं?"

खिळे लपवणारी मी! पोरांनी जे पाहिलं ते माझ्या बारा वर्षांवरच्या वर्गातही नव्हतं. कोणत्या तोंडानं मी त्यांच्यापुढे तारवात हत्ती चढवणार होते?

मागच्या अंगणातून आरडाओरडा आला आणि आम्ही तिघंही उठून धावलो.

पोरं खेळत होती. एकीनं दुसरीची वेणी धरली होती. एक पोरगा लाकूड घेऊन दारावर हाणत होता, "तोडो! तोडो!" दुसरा कपाळावर हात ठेवून डुलत आला, त्यानं लाकूड हिसकलं, उलटं फिरवलं आणि पहिल्याच्या खांद्यावर खरंच जोरात घातलं. मार खाणारा भोकाड पसरून रडायला लागला. तो डुलणारा पोरगा कोणाचं सोंग करतोय, हे काकाजींनी ओळखलं.

"थांबा गा! असं नाही!" रुचि ओरडली. ती त्या घोळक्यातून सरळ आमच्याकडे आली. "आबाजी, मले उचला."

"कायले वो माय?"

"वरची कडी."

काकाजींनी तिला उचललं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पट्टी बांधलेला हात तिनं आजोबांच्या डोक्यावर टेकवला आणि उजव्या हातानं कडी ओढली. कडी घट्ट बसली होती. ती दात आवळून ओढत राहिली, आम्ही कोणी मदत केली नाही. मग कडी खटकन सरकली आणि ते फुटकं दार कुरकुरत आत उघडलं.

रुचिनं वरूनच त्या रडणाऱ्या पोराकडे पाहिलं.

"हे पाय भाऊ, उघडलं. आता नोको मारू."

त्यानं नाक ओढलं, पायाशी पडलेल्या लाकडाकडे पाहिलं. "मंग मी का करू?"

"आत येऊन बस ना. दूध येऊन राह्यलं."

मी स्टोव्ह पेटवायला गेले.