दाराआडच्या खिळ्यावरचा मास्क

मी मास्क बोलतोय. कापडी पट्टीचा नव्हे. रबराचा, दोन्ही गालांना एकेक डबी लावलेला. वहिनीने मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, हे डुकराचं थोबाड मी लावायचं?" अख्खं अंगण हसलं होतं.

ते अंगण जर्दाळू सुकवणाऱ्या एका लहान कारखान्याचं. फळं चिरून ट्रेमध्ये मांडायची, ट्रे बंद खोलीत एकावर एक रचायचे आणि खाली गंधक पेटवायचं. त्या धुरीने फळ केशरी राहतं, काळं पडत नाही. धुरी देण्याचं काम भाऊजींचं आणि ट्रे बाहेर काढण्याचं वहिनीचं. ती त्यांच्या थोरल्या भावाची बायको, पण सगळेच त्या दोघांना भाऊजी आणि वहिनी म्हणत.

वहिनीला लहानपणापासून दमा. गंधकाचा वायू इतरांच्या नाकाला नुसता झोंबायचा. तिची छाती मात्र शिट्टी वाजवू लागायची. म्हणून मालकांनी मला खास तिच्यासाठी आणलं.

माझ्या डब्यांत कोळसा आहे. तो विषारी वायू धरून ठेवतो आणि बाकीची हवा आत सोडतो. पण कोळशालाही पोट असतं. भरलं की भरलं.

भाऊजी मायाळू माणूस. त्यांनी धुरीच्या खोलीतच, दाराच्या आतल्या बाजूला माझ्यासाठी एक खिळा ठोकला. "वहिनी, दार उघडलंस की हात पुरला पाहिजे. शोधत बसायला नको."

"बरं झालं. नाहीतर तुमचा भाऊ घरी चष्मा शोधतो, तशी मी इथे थोबाड शोधत बसले असते!"

झालं. खोलीत धुरी भरायची, दार लागायचं आणि मी आत लटकलेला असायचो. मला कुणी लावलेलं नसलं तरी माझ्या कोळशाचं काम चालूच असायचं. त्याला सुट्टी कळत नाही. वहिनीच्या तोंडावर मी जेमतेम घटकाभर असे. खिळ्यावर मात्र पूर्ण धुरीभर.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. मी येण्याआधी वहिनी दार उघडून अंगणात लांब उभी राहायची. वायू निघून जाईपर्यंत पाऊल टाकायची नाही. मी आलो आणि तिची भीती गेली. माणसाचं असंच असतं. छत्री हातात आली की तो ढगाकडे बघत नाही.

एका दुपारी माल न्यायला गाडी येऊन उभी राहिली. भाऊजी म्हणाले, "थांब जरा, अजून आत कोंडलेलं आहे."

"मग हे थोबाड काय शोभेला आणलंय?" वहिनी म्हणाली. तिने मला बांधलं आणि ती आत शिरली.

हा वायू हवेपेक्षा जड. तो खाली साचतो. ती सगळ्यात खालच्या ट्रेसाठी वाकली. माझ्या डब्यांनी काहीच अडवलं नाही. तिचा घसा आवळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ट्रे हातातून सुटला. भाऊजी श्वास रोखून धावले आणि त्यांनी तिला ओढत बाहेर आणलं. असा धावणारा माणूसही आतच पडू शकतो. त्या दिवशी ती दाराजवळ होती, एवढंच.

मोकळ्या हवेत तिचे डोळे धुतले, मग दवाखाना. गडबडीत मी भाऊजींच्या हातातच राहिलो होतो. डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"हा ठेवता कुठे?"

"खोलीतच. अगदी हाताशी."

"धुरी चालू असतानासुद्धा?"

भाऊजींनी 'हो' म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात. मग म्हणाले, "मी तिच्या सोयीसाठीच..."

"ह्या डब्या संपल्यात. आणि इतक्या वायूत नव्या डब्यांनीही भागलं नसतं. खोली मोकळी झाल्याशिवाय आत जायचंच नाही."

रात्रभर वहिनीला नळीतून प्राणवायू दिला. ती वाचली. छाती मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

आता त्या खोलीच्या भिंतीत मोठा पंखा आहे. हवा मोकळी झाली का हे यंत्राने तपासतात, मगच माणूस आत जातो. मी अंगणापलीकडच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात असतो. माझं रबर कडक होत चाललंय; लवकरच माझ्या जागी दुसरा येईल. त्याला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवा. डब्या वेळेवर बदला. आणि तो तोंडावर आहे म्हणून दाराशी थांबायचं सोडू नका. आमच्यावर विश्वास टाका, पण सगळा टाकू नका.

वहिनी आता फळं चिरायला बसते, माझ्या कपाटाशेजारीच. धुरी नसली की भाऊजीही. तिच्या गमती झाकणातून मला ऐकू येतात. ती रंगात येऊन सांगू लागते आणि मध्येच तिचा दम तुटतो. तो किस्सा भाऊजींनी दहादा ऐकलेला असतो. तरी ते पुढचं स्वतः सांगून टाकत नाहीत. सुरी खाली ठेवतात आणि तिचा श्वास परत येईपर्यंत थांबतात.