उंदीर, म्हातारे आणि आजारी

शाळेचं छप्पर उतरवलं ते नेमकं बटाट्याच्या हंगामात.

पत्रे गंजले होते, कधी पोरांच्या डोक्यात पडतील याचा नेम नव्हता, हे सगळं खरं. पण ते वर्षभर गंजतच होते. तेव्हा कुणाला सुचलं नाही. सुचलं ते गावातल्या प्रत्येक बाईचे दोन्ही हात मातीत रुतलेले असताना. शाळेच्या बाईंनी सगळ्या आयांना फाटकाशी उभं केलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "नवं छप्पर चढेपर्यंत मुलं घरी राहतील. पण नुसती बसवून ठेवू नका हं. पैसे न लागणारे कितीतरी उपक्रम आहेत. पानं गोळा करू द्या, पाण्यात खेळू द्या. त्यांच्यासोबत बसून चिखलाची भांडी करा."

"सोबत बसून कुणी?" ठिणगीनं विचारलं.

"तुम्ही."

"मी वखारीत असते."

"मग संध्याकाळी करा."

"आणि संध्याकाळपर्यंत पोरांनी काय करायचं? श्वास रोखून धरायचा?"

बाया हसल्या. शाळेच्या बाई हसल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्यांना फक्त असं वाटत होतं की ज्याला पैसे लागत नाहीत त्याला काहीच लागत नाही.

ठिणगी हे काही तिचं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिनं सासऱ्याला भर चौकात "तुमचा आवाज तुमच्या खिशात ठेवा" असं सुनावलं आणि तेव्हापासून गावानं तिचं नाव गिळून टाकलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. सासरा गेला, सासू त्याच्या आधीच. घरात ती, सहा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा बारका. बस्स.

खेळ: पानं गोळा करणे.
खेळणारे: दोन. पैसे: लागत नाहीत.

थोरलीनं बांधावरची पानं आणली. गोल एकीकडे, लांबट एकीकडे, अगदी बाई म्हणाल्या तशी. बारक्यानं लांबट खाल्ली. दुपारी शेजारीण त्याला काखेत मारून वखारीत घेऊन आली तेव्हा त्याचे ओठ वांग्यासारखे सुजले होते. ठिणगीचा अर्धा दिवस बुडाला. मुकादम म्हणाला, "पोराला घरी खायला घालत नाहीस काय?"

खेळ: पाणी.
खेळणारे: तेच. पैसे: लागत नाहीत.

पाटात घोट्याइतकंच पाणी होतं. वरून कुणीतरी पाणी सोडलं आणि ते गुडघ्यांवर आलं. बारक्याचे गुडघे ते किती उंच. ट्रॅक्टरवाला जात होता म्हणून त्यानं कॉलरला धरून त्याला उपसलं. ठिणगी धावत आली. बारका धड आहे हे पाहिलं आणि थोरलीच्या थोबाडीत दिली.

"लक्ष कुठं होतं तुझं?"

थोरली रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "मी पण खेळत होते."

ठिणगीला तेव्हा काय झालं ते विचारू नका. राग येतो तेव्हा तो कुणावर तरी यावा लागतो. तिचा राग त्या क्षणी छपरावर होता, बाईंवर होता, पाणी सोडणाऱ्यावर होता, आणि हात मात्र सगळ्यात जवळच्या गालावर पडला होता. सहा वर्षांची पोर. तीही खेळतच होती. बाई म्हणाल्या होत्या ना, खेळू द्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना वखारीत नेलं.

वखार म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. एका तोंडाशी ट्रॅक्टर येऊन बटाटा ओततात, दुसऱ्या तोंडाशी ट्रक लागतो. मधे बाया ढिगाभोवती बसतात. मोठा बटाटा, मधला, उन्हानं हिरवा पडलेला, कुदळीनं कापलेला, ज्याचं त्याचं पोतं वेगळं. आणि सगळं निवडून झालं की मागं उरतो तो शेपटाचा ढीग: गोटीएवढे, अर्धे हिरवे, मातीत लडबडलेले. तो ढीग मावशीचा. मावशीचे गुडघे गेले होते, तिला पोतं ओढवत नसे, म्हणून हे बसल्या जागचं काम जुन्या मुकादमानं तिला लावून दिलं होतं आणि नव्यानं तसंच चालू ठेवलं होतं.

"पोरं आत आणायची नाहीत," मुकादम दारातच म्हणाला. "ट्रक मागं घेतात इथं. कुणी चाकाखाली आलं तर?"

"घरी ठेवलं तर पाटात जातात."

"तो माझा प्रश्न नाही."

"मग कामही माझा प्रश्न नाही, जाते घरी. ढीग तुम्ही निवडा."

हंगाम ऐन भरात होता आणि ठिणगीचे हात वखारीत सगळ्यात चपळ होते. मुकादमानं तोंड फिरवलं. मावशी आतून म्हणाली, "माझ्या पाठीमागं बसव गं. माझी पाठ भिंतीएवढी आहे, ट्रक आला तर आधी तिलाच धडकेल."

आता मावशीच्या पाठीमागं काय असणार? शेपटाचा ढीग आणि भिंत. तासाभरात बारका रडू लागला. मुकादम मान उंच करून बघू लागला. ठिणगीनं हातातलं काम न थांबवता आजूबाजूला पाहिलं. मोडक्या चाळणीचं एक लोखंडी कडं खिळ्याला लटकत होतं. ते तिनं थोरलीकडं फेकलं.

खेळ: उंदीर, म्हातारे आणि आजारी.
खेळणारे: कितीही. साहित्य: मालकाचं. पैसे: लागत नाहीत.
कड्यातून जातो तो उंदीर. उंदीर त्याच्या बिळात, म्हणजे या पोत्यात. जात नाही तो म्हातारा. म्हातारे भिंतीशी ओळीनं बसतील. हिरवा असेल तो आजारी, दवाखान्यात. कापलेला असेल त्याचं ऑपरेशन झालंय, त्याला हळू उचला.

बारक्यानं पहिला आजारी दोन्ही हातांत धरून नेला आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "ताप आहे."

बायांच्या ढिगाभोवती खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी ठिणगीशेजारी बसणाऱ्या लंबूनं आपला मुलगा आणला. तिसऱ्या दिवशी पोरंच पोरं. भिंतीशी म्हाताऱ्यांच्या रांगा लागल्या, दवाखान्यात जागा पुरेना. लंबूचा मुलगा डॉक्टर झाला. ठिणगीचे हात चालत होते आणि कान मागं होते, आणि कित्येक दिवसांनी तिच्या खांद्यांमधली गाठ सैल झाली होती. शाळेच्या बाई दिसल्या असत्या तर तिलाही त्यांना एक उपक्रम सांगता आला असता.

मुकादम पोरांकडं आला तो ओरडायलाच. पण ओरडला नाही. उकिडवा बसला. उंदरांच्या पोत्यात हात घातला, मूठभर वर काढले, उलटसुलट बघितले. मग दवाखान्यातून एक आजारी उचलला, नखानं खरवडला.

"हे कुणी केलं?"

"मी," थोरली म्हणाली.

"हुशार आहेस," मुकादम म्हणाला आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून दिला.

थोरली दिवसभर ताठ मानेनं फिरली.

त्याच दिवशी काम सुटताना, मावशी भिंतीला धरून उठत होती तेव्हा मुकादम तिला म्हणाला, "मावशी, उद्यापासून नका येऊ."

"का रे बाबा?"

"गुडघ्यांना आराम द्या."

"गुडघ्यांनी मागितला नाही."

"पोरं करतायत की तुमचा ढीग. हसत खेळत करतात. कुरकूर नाही, पाणी प्यायला उठणं नाही."

मावशी उठून उभी राहिली. बसायचं पोतं झटकलं, घडी केली, काखेत घातली. ठिणगीकडं एकदा बघितलं फक्त. त्या बघण्यात राग असता तर ठिणगीला बरं वाटलं असतं. रागाशी तिची ओळख होती.

पण राग नव्हता. मावशीनं जाता जाता बारक्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "डॉक्टरला सांग, दवाखाना नीट चालवा."

सकाळी ठिणगी वखारीत शिरली तेव्हा मावशीची जागा झाडून काढलेली होती. तिथं आता शेपटाचा ढीग नव्हता, त्याच्या तिप्पट मोठा ढीग होता. रात्रीतून दुसऱ्या वखारीतला मालही आणून ओतला होता. भोवती पोती मांडलेली, तोंडं उलगडलेली. कडीही नवी, प्रत्येक पोराला एक.

ती थोरलीजवळ जाऊन बसली. "आज खेळायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"पण मुकादम काका म्हणाले, आज हा सगळा ढीग संपवला तर उद्या याहून मोठा देणार."

थोरली हे आनंदानं सांगत होती. तिच्या नखांत माती होती, बोटांच्या पेरांना भेगा पडायला लागल्या होत्या. ठिणगीनं त्या भेगा बघितल्या. तिच्या स्वतःच्या हातांना त्या लग्नानंतर पडल्या होत्या.

डोक्यात जे पेटलं ते एकदम पेटलं नाही. ती उठली, आपल्या जागी गेली, निवडू लागली. मोठा, मधला, मोठा. लंबू शेजारून हळूच म्हणाली, "अगं, पण पोरं डोळ्यांसमोर तर आहेत. आणि फुकटात."

"कुणाला फुकटात?"

लंबूनं हातातला बटाटा उलटून बघितला.

"मावशीचा ढीग माझ्या पोरीनं खाल्ला," ठिणगी म्हणाली. "मी शिकवलं तिला. मी. पुढच्या हंगामात तुझा मुलगा तुझा ढीग खाईल आणि मुकादम तुझ्या गुडघ्यांना आराम देईल."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"ट्रक कधी येतोय?"

"येईलच आता."

ट्रक आला. मागं मागं येत दाराशी लागला. ड्रायव्हर शिडीला टेकून जांभया देऊ लागला. मुकादम इकडून तिकडं धावत होता, पोती मोजत होता. पोरांच्या कोपऱ्यात अर्धी पोती भरून तयार होती. तेवढ्यात ठिणगी उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि साऱ्या वखारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पोरांनो. शाळा सुटली."

पोरं बघत राहिली. शाळा तर कधीचीच बंद होती.

"उंदरांची शाळा सुटली. आजारी बरे झाले. म्हातारे घरी निघाले. सगळ्यांना बाहेर सोडा."

बारक्याला सगळ्यात आधी कळलं. त्यानं उंदरांच्या पोत्याला मिठी मारली आणि ते आडवं केलं. मग लंबूच्या मुलानं दवाखाना पालथा घातला. मग कुणी थांबेना. वखारीची जमीन ट्रकच्या बाजूला उतरती होती, माल लोटायला सोयीची म्हणून मुद्दाम तशी केलेली; बटाटे निघाले ते थेट ट्रकच्या चाकांपर्यंत गेले. हिरवे, कापलेले, गोटीएवढे, सगळे एकात एक. पोरं त्यांच्यामागून किंचाळत धावली. लंबू झटक्यात उठून चाकांपुढं उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गाडीची चावी काढ आधी."

थोरली तेवढी धावली नाही. तिच्या हातातलं कडं तसंच होतं. तिनं आईकडं असं बघितलं की ठिणगीला पाटावरची आपली थोबाडीत त्याहून बरी वाटली.

"कुणाची अवलाद आहे ही?" मुकादम ओरडला.

"तुम्हीच बोलावलेली आहे."

"तू सांगितलंस त्यांना. मी ऐकलंय."

"खेळतायत. कालपर्यंत खेळत होती तेव्हा गोड वाटत होतं. लहान पोरांचा खेळ आहे, रोज एकसारखा कसा राहील?"

"सगळी पोरं बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"काढते." तिनं बारक्याला कडेवर घेतलं, थोरलीचा हात धरला. "चला गं."

लंबू निघाली. तिच्यामागून ज्यांची पोरं होती त्या. मग ज्यांची नव्हती त्याही उठल्या. एकदा बसलेली बाई उठली की बाकीच्यांनाही पाय मोकळे करावेसे वाटतात. मोठ्या ढिगाभोवती नुसती पोती उरली. ड्रायव्हरची जांभई अर्ध्यात थांबली.

"मुकादम, मला दुपारच्या आत बाजार गाठायचाय," तो म्हणाला.

"तुम्ही कुठं चाललात?" मुकादम बायांना म्हणाला.

"पोरं राखायला," ठिणगी म्हणाली. "तुम्ही आत येऊ देत नाही, मग बाहेर कुणी बघायचं? बाई म्हणतात सोबत बसा. बसतो."

"सगळ्याजणी?"

"एक बसली तर चालेल. मावशीला बोलवा. ती बाहेर झाडाखाली पोरं बघेल आणि तिची हजेरी आत लागेल, होती तशी."

"पोरं राखायची मजुरी मालक देणार होय?"

"पोरांनी ढीग निवडला तो मालकानं घेतला. तेव्हा नाही विचारलंत."

मुकादमाचे कान लाल झाले. तो हंगाम संपल्यावर काय काय करणार आहे ते त्यानं सांगितलं, आणि त्यानं सांगितलेलं तो करणार हे तिला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी या वखारीत तिला जागा नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मुकादमानं हमालाला मावशीकडं पिटाळलं.

मावशी आली, घडी केलेलं पोतं काखेत घेऊन. झाडाखाली ते पसरलं, भिंतीएवढी पाठ खोडाला लावली आणि पोरांना म्हणाली, "मला एकही खेळ येत नाही. काय करायचं ते करा, फक्त त्या खुणेच्या दगडापलीकडं जाऊ नका."

ठिणगी आपल्या जागी बसली. मोठा, मधला, मोठा. शेपटाच्या ढिगाशी आता कुणीच नव्हतं आणि ट्रक तर भरायचा होता. शेवटी मुकादमच पँट वर ओढून गुडघ्यांवर बसला आणि मातीतून एकेक बटाटा उचलून पोत्यात टाकू लागला. थोड्याच वेळात त्यानं कमरेला हात लावला.

"दोघीजणी इकडं या गं," तो म्हणाला.

एकही मान वर झाली नाही. तो कण्हला. ठिणगीनं ऐकलं, आणि तिच्या हातांचा वेग जरासुद्धा बदलला नाही.