आधी आंघोळ, मग हार

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचे इंजिन आहे. वय वर्षे एकोणीस, मुक्काम अंबरनाथ, मोरिवली. आज मी गोड बोलणार नाही. माझ्या मनात राग आहे.

श्यामकांतराव इथल्याच एका कारखान्यात अधिकारी. त्यांना मी रोज कामावर नेले. त्यांच्या मुलीला, इराला, परीक्षेला वेळेवर पोचवले, दरवर्षी गणपती घरी आणले. "गाडी म्हणजे आमची लक्ष्मी," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. दर दसऱ्याला हार घालत. तेल बदलायचे म्हटले, की मात्र "बघू पुढच्या महिन्यात!" लक्ष्मीला कुणी वर्षानुवर्षे तेच काळे तेल पाजते का?

शेवटी मी निळा धूर सोडू लागले. नाक्यावर एक रिक्षावाला ओरडला, "काका, डासांची फवारणी आज आपल्या वॉर्डात काय?" सगळे हसले. चूक कुणाची आणि लाज कुणाला!

मग मला गाडीतून काढून, खोलून उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये सुदामच्या वर्कशॉपमध्ये नेले. माझ्या चार सिलिंडरांच्या झिजलेल्या भिंती त्याने तासून पुन्हा गोल केल्या. परत देताना म्हणाला, "काका, ही लास्ट साइझ हां. आता घासलं तर सरळ भंगार. जोडायच्या आधी गरम पाणी न् साबण लावून ब्रशने धुवा. बारीक चुरा राहतो आत."

"पेट्रोलने पुसतो की."

"त्याने चुरा निघत नाय, काका. वरवर चमकतं फक्त."

घरी आलो ती नवरात्रातली अष्टमी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे पूजेत ठेवतात, हाती धरत नाहीत; म्हणजे जोडणी अष्टमीलाच उरकायला हवी. आणि दसऱ्याला गाडी काढणारच, असे श्यामकांतराव गल्लीभर सांगून बसलेले! त्यांनी घाईघाईने पेट्रोलचे फडके फिरवले, मला पाटावर बसवले आणि पिस्टन घालण्याआधी पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर अक्षता. मी आतून आक्रोश करत होते. अहो, मला फुले कसली वाहता? अंगावर चुरा आहे माझ्या! तो राहिला, तर चार दिवसांत माझ्या भिंती ओरबाडून निघतील. मग पुन्हा तासायला भिंतच उरलेली नाही!

थोडे कुंकू सिलिंडरमध्ये सांडले. त्यांच्या पत्नी नीलिमाताई ते पुसायला पूजेचे पांढरे फडके घेऊन आल्या. फडके करडे झाले. त्यांनी दुसरा कोपरा फिरवला. तोही करडा.

"अहो, हे पुसलंय तुम्ही?"

"पुसलंय म्हणजे! चकाकतंय बघ."

"देवाचं तबकसुद्धा मी असं ठेवत नाही. सुदाम धुवा म्हणाला होता ना?"

"आता धुवत बसलो तर दसरा हुकेल, नीलिमा. लोक काय म्हणतील?"

"रिक्षाने जाऊ." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "हार काढा आधी."

बंबातले पाणी आले, साबण आला, बाटली घासायचा ब्रश आला. बाईंनी उपवासाच्या पोटी मला तीनदा घासले. फडके पांढरेच्या पांढरे बाहेर आले, तेव्हाच त्या थांबल्या. मग श्यामकांतरावांनी मला कोरडे करून गंज चढू नये म्हणून लगेच तेलाचा हात दिला.

दसऱ्याला दोघे नाक्यावर गेले, तर रिक्षा नेमकी त्या चिडवणाऱ्याचीच. "काय काका, फवारणीची गाडी कुठंय?"

"आंघोळ करतेय," नीलिमाताई म्हणाल्या आणि आत बसल्या.

एकादशीला श्यामकांतरावांनी पाना उचलला. एकेक भाग जोडण्याआधी ते पांढरे फडके फिरवत आणि उजेडाला धरून बघत. संध्याकाळी चावी फिरली. मी हुंकार दिला. धुराचा ठिपकाही नव्हता.

तरी माझा राग पुरता गेलेला नाही, मित्रांनो. तुमच्या घरीही शिलाई मशीन असेल, सायकल असेल, पाण्याचा पंप असेल. खंडेनवमीला त्याला हार जरूर घाला. पण आधी एक पांढरे फडके फिरवा, आणि ते काय दाखवते ते बघायची हिंमत ठेवा.