मागची बाजू

धाकटी पंचावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली, कारण तिला तसं म्हणणारी ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी होती आणि दोघी एकाच छपराखाली राहत होत्या. खाली कपडे दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, कोटाचं अस्तर बदलायचं. नवं काही शिवायचं नाही. लोकांनी दुसरीकडे हौसेने घेतलेलं आणि अंगाला न बसलेलं ते सगळं त्यांच्याकडे यायचं.

कामाची वाटणी ठरलेली होती. धाकटी शिवायची आणि ताई मागून बघायची. कोणी म्हणेल, बघणं हे काय काम झालं. पण आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःचं पुढचं तेवढं दिसतं, आणि पुढून सगळं झकास असतं. मागे कोट कुठे फुगलाय, पँटचा एक पाय बोटभर जास्त लोंबतोय, हे त्याच्या गावीही नसतं. ते ताईला दिसायचं. मनगटाला टाचण्यांची गादी बांधून ती मागे उभी राहायची आणि दिसेल ते बोलून मोकळी व्हायची. "डावा खांदा उतरलाय," ती एकदा एका वकिलांना म्हणाली होती. "कोटाचा नाही, तुमचा." वकील पुन्हा आले, म्हणजे बोलणं खरं असणार.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी धाकटी जमिनीवर बसून एका शिक्षिकेच्या झग्याचा घेर टाचत होती. ताईने घेर बघितला, मग तिची नजर खाली उतरली. "धाकटे, भांग रुंदावलाय तुझा," ती म्हणाली. "मागे टाळू दिसायला लागली." शिक्षिका हसली. अगदी सहज हसली, पण धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान बंद होईपर्यंत ती खाली मान घालून टाचत राहिली, आणि वर गेल्यावर जे बोलायला नको तेच बोलली. "माझ्या घरात राहून माझं डोकं मोजू नकोस."

घर खरोखरच धाकटीच्या नावावर होतं. वडिलांनी लग्न न झालेल्या मुलीची सोय म्हणून तसं केलं होतं, आणि ताई नवरा गेल्यावर तिथे राहायला आली त्याला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत 'माझं घर' हे दोन शब्द त्या खोल्यांत कोणी उच्चारले नव्हते. तिसऱ्या दिवशी ताईचा मुलगा गाडी घेऊन आला. "आई म्हणते थोडे दिवस आमच्याकडे राहते, मावशी," तो म्हणाला, आणि बॅग उचलून जिना उतरला. ताईने मागे वळून पाहिलं नाही. टाचण्यांची गादी मात्र आरशाशेजारच्या खिळ्याला तशीच राहिली.

सुरुवातीला धाकटीला वाटलं, बरं झालं, शांतता मिळाली. मग शांतता खूपच मिळू लागली. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक साडेदहाला यायचं आणि त्याच्याशी बोलताना तिचा आवाज घशात अडकायचा, कारण त्या दिवसातला तो पहिलाच शब्द असायचा. म्हणून ती शटर उघडण्याआधी एकदा मोठ्याने "दहा वाजले" असं म्हणायला लागली. ताईची तिला आठवण यायची, रोज यायची. पण फोन करायचा म्हणजे माफी मागायची, आणि ताई दारात पाहताच पहिली नजर डोक्याकडे टाकणार. तिने मनाशी ठरवलं की केस भरले की जायचं. ताठ मानेने जायचं आणि डोकं तिच्यासमोर धरायचं. मग बघू काय बोलते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. धाकटीच्या डोक्याचे त्यांनी पुढून आणि वरून फोटो काढले. "मिनॉक्सिडिल," त्या बाटली दाखवत म्हणाल्या. "हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांना केस उगवायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं."

"म्हणजे दुखणं एक आणि गुण दुसराच."

"तसंच काहीसं. केस वाढण्याचा एक काळ असतो, नंतर मूळ विसावा घेतं. तुमच्या डोक्यात वाढीचा काळ आखूड झालाय, म्हणून केस बारीक होत चाललेत. औषध तो काळ लांबवतं. सकाळ-संध्याकाळ, ड्रॉपरच्या खुणेपर्यंत, कोरड्या डोक्यावर. केसांना नाही, कातडीला लागलं पाहिजे. मग हात धुवायचे. कपाळावर ओघळू देऊ नका, तिथेही लव येते."

"आणि किती दिवस?"

"फरक दिसायला चार महिने. लावायचं मात्र कायम. बंद केलंत तर आलेलं काही महिन्यांत जाईल. आणि पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही, जुने जाऊन नवे येतात." त्यांनी कागदावर सही केली. "विरळ जागा जास्त करून मागे आहे. ती तुमची तुम्हाला दिसणार नाही. घरी आहे ना कोणी लावून द्यायला?"

"आहे ना," धाकटी म्हणाली. "ताई आहे."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे एवढं सरळ तोंडातून आलं की तिलाच बरं वाटलं. बसस्टॉपपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

पहिल्या दिवशी तिने मान वाकवून, हात मागे नेऊन अंदाजाने थेंब सोडले. ते मानेवरून ओघळून पाठीत उतरले. दुसऱ्या दिवशी कानामागे गेले. दोन आरसे समोरासमोर धरून पाहिले, तर बाटली धरायला हात उरेना. कपाटाच्या दाराला एक आरसा टांगला, पण त्यात हात डावीकडे न्यायला गेलं की तो उजवीकडे निघायचा. सुईत एका दमात दोरा ओवणारी बाई स्वतःच्या टाळूपुढे हात टेकून बसली. शेवटी तिने भांगाच्या पुढच्या चार बोटांवर, जिथे समोरच्या आरशात नीट दिसतं तिथे, थेंब रांगेने सोडायला सुरुवात केली. म्हणजे मागे लावायचं तिने सोडलं असं नाही. रोज ती मनात म्हणायची, उद्या मागे लावू. पण औषध खुणेपर्यंतच घ्यायचं, आणि ते पुढेच संपायचं.

तिसऱ्या आठवड्यात केस गळायला लागले. फणीत आले, उशीवर आले, एका साहेबांच्या काळ्या कोटावर एक लांब पांढरा केस शिलाईत अडकून गेला. साहेबांच्या बायकोने तो परत आणून दाखवला, आणि केस आपलाच, शिवताना गळलेला, हे तिला पटवताना धाकटीला घाम फुटला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, तरी बेसिनवर केसांचा पुंजका दिसला की ती एकेक केस मोजत बसायची. अशा वेळी 'अगं, एवढं काही नाही' म्हणायला कोणीतरी लागतं. तिने ते स्वतःच म्हणून पाहिलं. 'दहा वाजले' जमायचं, हे जमलं नाही.

दुकानातही मागचं बिघडलं होतं. तीन पँटी परत आल्या, सगळ्यांचं दुखणं एकच, पुढून ठीक आणि मागे वाकडं.

चौथ्या महिन्यात आरशात कपाळाच्या वर बारीक, उभे राहिलेले केस दिसले. तिने बोट फिरवून पाहिलं. खरे होते. त्या सकाळी तिने "दहा वाजले" दोनदा म्हटलं. डॉक्टरांचा होकार मिळाला की तसंच पुढे ताईकडे जायचं ठरवून तिने नवा कुर्ता घातला.

डॉक्टरीणबाईंनी जुने फोटो पडद्यावर लावले, शेजारी नवे लावले, आणि दोन्हींवर आळीपाळीने नजर फिरवली.

"पुढे छान आलेत," त्या म्हणाल्या. "मागे काहीच नाही. असं व्हायला नको. औषध तुम्हाला लागू पडतंय, हे पुढे दिसतंच आहे." त्यांनी पेनाने पडद्यावर रेघ दाखवली. "बघा ना, इथवर आहे आणि इथून पुढे एकदम थांबलंय. तुमच्या ताई मागे लावत नाहीत का?"

धाकटीने पहिल्यांदाच आपली टाळू नीट पाहिली. तळहाताएवढी फिकट जागा. आणि भांगावर केस आले होते ते अगदी तेवढेच, जेवढे आरशात दिसत होते.

"ताईला हल्ली कमी दिसतं," ती म्हणाली.

"मग त्यांचे डोळेही दाखवून घ्या."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. दुकानात खाली पडलेली सुई ताईला जिन्यावरून दिसायची. तिच्या माघारी तिला आंधळी ठरवून आपण सुटलो, याची तिला इतकी लाज वाटली की दोन बस समोरून गेल्या तरी ती उठली नाही. तिसऱ्या बसला ती चढली. ती बस घराकडे जाणारी नव्हती.

भाच्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दार ताईनेच उघडलं. भाचा आणि सून कामावर, नात शाळेत. घर स्वच्छ आणि गप्प. ताईने तिच्याकडे पाहिलं, डोक्याकडे नाही, तोंडाकडे.

"आलीस," ती म्हणाली. "बस. पाणी आणते."

धाकटी तयार केलेलं सगळं बोलणं विसरली. तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे डोक्याला लावायचं आहे. मागे. माझा हात पोचत नाही."

ताईने बाटली उचलली, लांब धरून वाचली. मग काही न विचारता खुर्ची खिडकीशी ओढली आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. धाकटी बसली. ताईची बोटं केसांत शिरली, भांग बाजूला झाला, आणि थेंब गार लागला, अगदी बरोबर तिथे. एक, दोन, तीन. आठ महिन्यांत तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिने डोळे मिटून घेतले, तरी पाणी आलंच.

"पुढे आलेत की तुझे," ताई म्हणाली.

"मला दिसतं तेवढेच आलेत."

ड्रॉपर घट्ट बसवताना ताईच्या हातातून टोपण निसटलं आणि खुर्चीखाली गेलं. ती वाकली. धाकटीने डोळे उघडले तेव्हा ताईचं डोकं तिच्या गुडघ्याशी होतं, खिडकीच्या भर उजेडात. भांगाची रेघ कुठे उरलीच नव्हती. माथ्यावर सगळीकडे गुलाबी कातडी होती, पुढे कपाळावर मात्र केस नीट विंचरलेले होते, आरशात दिसतात तेवढे. या घरात तीन माणसं तिच्याबरोबर राहत होती.

टोपण घेऊन ताई उभी राहिली. धाकटीकडे पाहून तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"काय गं? काय बघतेस?"

"ताई, भांग रुंदावलाय तुझा."

ताईने हात डोक्यावरच ठेवला. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला काय माहीत," धाकटी म्हणाली. "मी कुठे होते बघायला."