झेपत नाही म्हणायचा नियम

नसलेल्या दोरीला वजन असतं, हे मला अजूनही पटलेलं नाही. तरी आमच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी दुपारी त्या नसलेल्या दोरीवरून भांडणं होतात आणि निवाडा करायचा मी. का, तर म्हणे माझ्या तोंडाला सगळे घाबरतात.

झालं असं. आमचे हे घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर कामाला. लोकांची कपाटं, फ्रिज, पलंग पाठीवर घेऊन जिने चढायचे. म्हणून सगळे ह्यांना पैलवान म्हणतात. मध्यंतरी एका वॉशिंग मशीनच्या पायी ह्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं, पुन्हा जड उचललंत तर पाय कायमचा जाईल. घरी बसून हे भिंतींवरही चिडायला लागले, तेव्हा वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, हा खेळ घेऊन आल्या. पट नाही, पत्ते नाहीत. वन्संनी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. ह्यांच्याच ट्रकचा ड्रायव्हर तिसरा. खेळात तो जादूगार. ट्रक मागे घेताना दरवेळी कुणाचं तरी फाटक पाडतो, आणि म्हणे जादूगार!

मी शिवणकाम करते. माझं मशीन त्याच खोलीत, त्यामुळे ही पीडा माझ्या कानांवर पडायचीच. ड्रायव्हर महालबाड. राक्षस मागे लागला की म्हणायचा, "लोखंडी पेटी? छे, ती मी मघाशीच टाकली." उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेवटी वैतागून वन्संनी माझा बटणांचा डबा मागून घेतला. प्रत्येकाला एक वाटी. एका वस्तूचं एक बटण, जड वस्तूला कोटाचं मोठं. अंगातल्या ताकदीपेक्षा बटणं जास्त झाली की तो माणूस चालताना मागे पडणार. आणि वाटीतून बटण कमी करायचं, तर मोठ्यांदा "झेपत नाही" म्हणायचं. म्हटलं की ओझं मी उतरवून घेणार. न म्हणता कुणी बटणाला हात लावला, तर गाठ माझ्याशी.

घरात माझं वजन वाढलं म्हणा! पण डोक्यात काही शिरेना.

"मेणबत्तीला एक बटण आणि तलवारीलाही एकच? हा कुठला न्याय, वन्सं?"

"वहिनी, हिशेब सोपा केलाय."

"आणि घोडा घेतला तर किती बटणं?"

"घोडा आपल्याला उचलतो हो, आपण घोड्याला नाही."

"मग घोड्याला झेपेनासं झालं, तर तो बिचारा कुणाला सांगणार?"

वन्सं नियमांचं पुस्तक चाळत बसल्या. त्यात घोड्याचं काही निघालं नाही.

सगळ्यात मला कळेनात ते आमचे हेच. माणसानं खेळात तरी राजा व्हावं! हे तिथेही हमाल. याची दोरी घे, त्याची पेटी घे, वाटी शिगोशीग भरलेली. पण ते दोन शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत. एकदा नदी ओलांडायची होती. वन्सं काकुळतीला येऊन म्हणत होत्या, "दादा, बोल, पाणी गळ्याशी आलंय." मीही म्हटलं, "अहो, सगळं खोटंच आहे ना? म्हणून टाका की!" ह्यांनी ओठ घट्ट मिटले, फासा टाकला आणि दोन ऐरणी, एक कढई आणि पाठीवरच्या जादूगारासकट बुडाले. जादूगार मात्र ह्यांच्या डोक्यावर पाय देऊन काठाला लागला. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात, ते हे असं.

सगळे पोट धरून हसले. मला हसू येईना. कारण रोज मी विचारायची, "कंबर कशी आहे?" आणि रोज तेच उत्तर, "ठणठणीत." आता तर सोमवारपासून हे कामावर जायला निघाले होते. एक अख्खं ऑफिस हलवायचं होतं, लोखंडी कपाटांसकट. उचलताना कमरेला बांधायचा रुंद पट्टा खुंटीवर येऊन बसला होता. मी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं. डॉक्टरांना तरी दाखवा म्हटलं, तर म्हणे, "दुखतच नाही, तर दाखवू काय?" मला धडकीच भरली होती. इतकी वर्षं संसार केला, आणि नवरा खरं बोलतोय की खोटं, हे मला कळू नये? माझाच मला संताप येत होता.

तर तो त्या सोमवारच्या आदल्या दिवशीचा रविवार. बुडाल्यावर ह्यांनी नवा माणूस घेतला होता, एक काटकुळा चोर. किल्ल्याच्या दारावर पहारेकऱ्यानं त्याचं सगळं काढून घेतलं. मी स्वतःच्या हातानं एकूण एक बटण डब्यात टाकलं.

ड्रायव्हरनं फासा असा भिरकावला की तो टेबलाखाली गेला. "थांबा, मी काढते," म्हणेपर्यंत हे वाकले. वाकले ते तसेच राहिले. एका हातानं टेबलाची कड धरलेली.

"झेपत नाही," हे म्हणाले.

ड्रायव्हरनं टाळीच वाजवली. "बोलला! अरे, पैलवान बोलला!"

वन्सं गोंधळल्या. "दादा, अरे तुझ्याकडे आहे काय न झेपायला?"

मी वाटीत बघितलं. उलटी करून बघितली. माझंच एखादं बटण चुकलं की काय? "अहो, वाटी रिकामी आहे," मी तडकून म्हटलं. "झेपत नाही म्हणायला आधी काहीतरी घ्यावं लागतं. नियम म्हणजे नियम!"

ह्यांनी कशीबशी मान वर केली. कपाळ घामानं डबडबलेलं. वन्संकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"झेपत नाही गं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या जिभेला काही हाड!

ड्रायव्हरनं आणि मी दोन बाजूंनी धरून ह्यांना पलंगावर आडवं केलं. "कधीपासून दुखतंय?" मी विचारलं. "थांबलं कधी होतं?" हे म्हणाले. मला इतका राग आला की रडूच फुटलं. ड्रायव्हरनं तिथूनच मालकाला फोन लावला. "पैलवान येत नाही. उद्या नाही आणि परवाही नाही. त्याला झेपत नाही." एरवी ह्यांनी फोन हिसकावून घेतला असता. आता छताकडे बघत पडून राहिले.

मग ड्रायव्हरनं खुंटीवरचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला.

"वहिनी, हे उतरवून घ्या. आता कुणाच्या वाटीत घालायचं?"

"माझ्या," मी डोळे पुसत म्हटलं.

आता मला कुठली आलीय वाटी? मी खेळत कुठे होते! वन्सं स्वयंपाकघरात गेल्या आणि एक घेऊन आल्या.