एका फाईलीत दोन टोळ्या

माझ्या नातवाचं, ज्ञानेश्वरचं, लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. नवरीचं नाव मोनिका, आणि ज्ञानेश्वरच्या बहिणीचंही मोनिकाच. आमचे मालक गहिनीनाथ बाजेवरून "मोने, पाणी!" म्हणाले की दोघी तांब्या घेऊन हजर. शेवटी नातसुनेला घरात राजेश्वरी म्हणायचं ठरलं. माहेरी ती मोनिकाच राहिली.

नात मोनिका नागापूरच्या एका छोट्या कंपनीत कच्च्या नोकरीवर होती. ऊसतोड टोळ्यांचा प्रोग्राम पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहायचा होता. सोमवारी तो चालला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. रविवारी सकाळी ती लॅपटॉपपुढं कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं गं?"

"आजी, टोळीची माहिती ठेवायचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हनत्यात. प्रोग्रामात कारखान्याच्या भागातल्या क्लासचं नाव टोळी. मुकादमाच्या भागातला कंपनीतल्या जोडीदारानं लिहिलाय, त्याचंबी नाव टोळीच. आपापल्या नेमस्पेसमधी दोन्ही सुखात हायेत."

"ते काय असतं?"

"घरानं समज, जसं सासर आन् माहेर. पण एका फाईलीत दोघांना बोलावलं की मशीन म्हनतं, हे नाव आधीच घेतलंय."

"मग बदल की एकाचं," मालक म्हणाले.

"बदललं, आबा! जोडीदाराच्या मूळ फाईलीतच बदललं. आता त्याची बाकीची पानं टोळीला हाका मारत्यात आन् कुनी ओ देत न्हाई. फोनवर लई बोलला मला."

भाकरी थापता थापता राजेश्वरी हसली. "वन्सं, तुमी तर माहेरी जाऊन नाव पुसून आलात."

मोनिकानं लॅपटॉप पुढं ओढला. "अगं, अ‍ॅज! शिकवलं हुतं आमाला."

तिनं मूळ फाईलीत जुनं नाव परत टाकलं. मग आपल्या फाईलीत, जिथं दोघांना बोलावलं होतं, तिथं मुकादमाच्या टोळीपुढं 'अ‍ॅज', म्हणजे इंग्रजीत 'म्हणून', घालून 'मुकादमटोळी' लिहिलं. तेवढ्या फाईलीपुरतंच. मी अक्षरं पन्नाशीत शिकले, तीही मराठीच. तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं.

पडद्यावर दोन्ही टोळ्या उमटल्या. जोडीदाराची पानंही चालू झाली.

"पेढं आनायला लाव ज्ञानेश्वरला," मालक म्हणाले.

"सायबानं व्हय म्हनू द्या, आबा."

सोमवारी साहेबांनी होय म्हटलं. पेढ्याचा पहिला तुकडा मालकांनीच खाल्ला, साखरेचा आजार असूनही.

मालक पुढं दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत, घरीच, वारले.