भिवराबाईनं भरलेली पिशवी

अंजनाला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आणि सासरी दवाखान्याची पिशवी भरायला बंदी होती.

बंदी सासूची, भिवराबाईची. थोरल्या सुनेनं, शिवकन्यानं, दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवस आधीच हौसेनं पिशवी भरली होती. झबली, दुपटी, तेलाची बाटली, सगळं कसं घडी घालून. बाळंतपणात शिवकन्या रक्त जाऊन जाऊन गेली, पोटातलं लेकरूही गेलं, आणि पिशवी न उघडताच घरी परत आली. तेव्हापासून भिवराबाईनं सगळा दोष पिशवीच्या माथी मारला. माणसाला कुणाला तरी दोष द्यावाच लागतो.

गावातली आशासेविका उज्ज्वला मात्र दर खेपेला बजावून जायची, "अंजना, तुझं रक्त ओ निगेटिव्ह हाय. असलं रक्त लवकर मिळत न्हाई. आधी तपासणीचं, रक्तगट लिहिलेलं कार्ड पिशवीत टाक, मग बाकीचं."

अंजनाच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. पिशवी भरावी तर शिवकन्या डोळ्यांपुढं यायची, न भरावी तर रक्त. दोनदा तिनं चोरून भरली. दोन्ही वेळा दुपारची डुलकी काढून उठेपर्यंत कपडे, कार्ड, सगळं पुन्हा पेटीत गेलेलं, आणि सासू काहीच न झाल्यासारखी शेळ्यांना पाला टाकत बसलेली.

शेवटी अंजनानं तोंड उघडलं. "आत्या, मला लई भ्या वाटतंय. मी बी मेले तर?"

"गप बस." भिवराबाईनं पेटीचं झाकण लावलं. "येळ आली की मी सोता भरीन. तू हात लावू नको. तिनं आपल्या हातानं भरली व्हती."

वेळ आली ती आठ दिवस आधीच, भर दुपारी. नवरा सोमनाथ मेंढरांमागं लांब गेलेला, उज्ज्वला बीडला मीटिंगला. तिनंच तिकडून फोन करून गाडी धाडली. भिवराबाईनं पेटी उपसली, हाती लागेल ते पिशवीत कोंबलं, आणि स्वतः गाडीत चढली. थोरलीच्या वेळी ती शेळ्यांसाठी घरीच थांबली होती. आता नेकनूरच्या दवाखान्याच्या वाटेवर तिनं अंजनाचा हात सोडला नाही. पण तो हात इतका गार होता, की अंजनाला धीर यायच्या ऐवजी धडकीच भरली.

दवाखान्यात नर्सनं कार्ड मागितलं. भिवराबाईला अक्षरओळख नाही. तिनं पिशवीत हात घालून कार्ड काढून दिलं.

"बी पॉझिटिव्ह," नर्स लिहिता लिहिता पुटपुटली.

कळ सोसत पडलेली अंजना कोपरावर उठली. "कुणाचं?"

"तुमचंच की. शिवकन्या ना?"

भिवराबाईनं कार्ड माघारी घ्यायला हात पुढं केला. "थोरलीचं कार्ड टाकून द्यायचं जिवावर आलं," ती म्हणाली. "पेटीतच ठिवलं व्हतं."

अंजनानं नर्सचं मनगट घट्ट धरलं. भीतीनं तिचे दात वाजत होते, तरी ती एकेक शब्द तोडून बोलली. "ती माझी जाऊ. ती गेली. मी अंजना. ओ निगेटिव्ह. मी अजून जित्ती हाय, लिहा."

नर्सनं रक्त तपासायला आणि ओ निगेटिव्हची बाटली शोधायला माणूस पिटाळला. मग कागदावरच्या शिवकन्याच्या नावावर रेघ ओढली. ती रेघ बघून भिवराबाई दोन वर्षांत पहिल्यांदा ढसाढसा रडली, आणि अंजनाला पुढची कळ आली.